हॅण्डल आणि नरसाळं

"हळू रे, कठड्याक लागात!" दाजी ओरडले. दोराला बांधलेला लांबुळका पंप विहिरीत उतरत होता. तो पाण्याला टेकला, बुडबुडे सोडत खाली गेला आणि दिसेनासा झाला.

"बुडलो मां रे?"

"बुडूकच होयो," त्यांचा मुलगा सत्यवान म्हणाला.

सत्यवान पुण्याकडच्या पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. पाण्याखाली चालणारी मोटर करायची म्हणून तो काही वर्षं हात धुऊन मागे लागला होता. आधीच्या मोटरींत पाणी शिरायचं आणि त्या जळायच्या. शेवटी त्याने पाणी बाहेर ठेवायचा नादच सोडला. तारांवर प्लास्टिक चढवलं आणि मोटरीत आपणच पाणी भरून टाकलं. तेव्हापासून ती मुकाट्याने चालू लागली. आपल्या गावात, मसुऱ्यात, वीज आल्याचं कळताच तो पहिला चांगला नमुना घेऊन घरी आला.

"म्हणजे ह्येका आता पाणी पाजूक नको?" दाजींनी विचारलं.

"तो पाण्यातच बसलोहा. तेका आणि काय पाजतलास?"

"दुसरो माणूस नको?"

"नको. एकट्यान बटण दाबला की पाणी."

दाजींना आभाळ ठेंगणं झालं. कारण दुसरा माणूस म्हणजे भिकाजी, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं बांधावरच्या एका फणसावरून फाटलं होतं. फणस पुढच्याच वर्षी वादळात आडवा झाला. भांडण मात्र ताठ उभं राहिलं.

वाटणी झाली तेव्हा जमीन वाटली, माड वाटले. विहीर सामायिक राहिली आणि काठावरचा इंजिनाचा पंप काही कापता येईना. त्या पंपाला एक खोड होती. तळातली झडप रात्रभर गळायची आणि नळी रिकामी व्हायची. सकाळी वरून पाणी ओतून नळी भरल्याशिवाय इंजिन नुसतंच धडधडायचं. पंचांनी डोकं लढवलं. इंजिन फिरवायचं हॅण्डल दाजींना दिलं, पाणी ओतायचं नरसाळं भिकाजीला. म्हणजे एकट्याने कुणी पाणी पळवायला नको.

तेव्हापासून रोज सकाळी दोन भाऊ दोन बाजूंनी यायचे. दाजी हॅण्डल अडकवून म्हणायचे, "वत!" भिकाजी नरसाळ्यात कळशी रिकामी करायचा. पाणी तोंडाशी आलं की म्हणायचा, "भरलो!" दाजी हॅण्डल मारायचे. पाणी दगडी डोणीत पडायचं, तिथून दोन पाटांनी दोन बागांत जायचं आणि आपापल्या पाटामागून दोघे आपापल्या घरी. ह्या दोन शब्दांपलीकडे तिसरा शब्द नाही. दाजी एकदा तापाने फणफणले होते, तरी घोंगडी पांघरून आले. हॅण्डल दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणजे हक्क गेला! भिकाजीही पायात काटा मोडला तेव्हा लंगडत आला. सगळ्या वाडीला ही मोठी करमणूक होती.

दुसऱ्या दिवशी दाजींनी पडवीतूनच बटण दाबलं. दोन्ही पाट भरून वाहू लागले. एवढ्यात दोन बागांमधल्या दगडी गडग्याच्या खिंडीतून भिकाजी आला, काखेत कळशी, हातात नरसाळं. त्याने पाटातलं पाणी पाहिलं. गोणपाट घातलेलं इंजिन पाहिलं. मग कळशीतलं पाणी जवळच्या माडाच्या बुंध्यात ओतून परत गेला. माड दाजींच्या वाटणीचा होता.

ह्या घडीची दाजी कित्येक वर्षं वाट बघत होते. पोटभर हसायचं त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. पण हसू काही आलं नाही.

त्यानंतर भिकाजी विहिरीकडे फिरकला नाही. कशाला फिरकेल? त्याचं पाणी त्याला घरबसल्या मिळत होतं. दाजी मात्र बटण दाबून विहिरीवर येत आणि कठड्यावर बसून राहत.

"आता हंय कित्याक बसलात?" त्यांची बायको जानकी विचारायची. "पाणी सुटला मां!"

दाजी गडग्याकडे बघत. भिकाजीला ताप येऊन गेल्याचं त्यांना बाजारात परक्या माणसाकडून कळलं, तेही ताप उतरल्यावर. त्यांना वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटतंय ह्याचा त्यांना रागही आला.

रजा संपत आली तसा सत्यवान म्हणाला, "दाजी, कारखान्यात सांगूक होया. पंपाची काय तक्रार?"

"एक आसा."

सत्यवानाचा चेहरा उतरला. "काय बिघाडला?"

"बिघाडला काय नाय. ह्यो एकट्यान चालता."

"तीच तर सुधारणा!"

"ती काढ," दाजी म्हणाले.

सत्यवान बापाकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने तारेचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि गडगा ओलांडला. एक बटण दाजींच्या पडवीत होतं, दुसरं त्याने भिकाजीच्या पडवीत बसवलं. दोन्ही दाबल्याशिवाय आता पंप चालणार नव्हता. भिकाजीने हे कशाला म्हणून विचारलं नाही. चढायला स्टूल मात्र आणून दिलं.

सकाळी दाजींनी आपलं बटण दाबलं. पाट कोरडाच राहिला. ते गडग्याकडे तोंड करून उभे राहिले. घसा खाकरला. आणि मग गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने ओरडले, "वत!"

त्यांचं तोंड मिटायच्या आत पलीकडून आलं, "भरलो!"