हरणं गेली कुठे?

याही शनिवारी शून्य.

वनरक्षकाने वाटेच्या शेवटच्या खुंटाजवळ उभं राहून कागदावर आकडा लिहिला, आणि खात्री करायला चार पावलं मागे जाऊन पुन्हा वाकून बघितलं. वाळलेली पानं, खडे, मुंग्या. हरणाची लेंडी म्हणून एक नाही.

हरीण मोठं लाजाळू. माणसाची चाहूल लागली की पसार. म्हणून हरणं मोजत नाहीत, त्यांच्या लेंड्यांचे ढीग मोजतात. दोन किलोमीटरची ठरलेली वाट, दर शनिवारी सकाळी सात वाजता, दोन्ही बाजूंना हात-हातभर. जितके ढीग, त्या हिशोबाने हरणं. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. गेल्या उन्हाळ्यापर्यंत एका फेरीत साठ-सत्तर ढीग सहज मिळायचे. मग तीस झाले, मग पाच, आणि आता सात आठवडे नुसता भोपळा.

कारण शोधायला त्याने दर शनिवारी ती वाट इंच-इंच पालथी घातली; एरवी दुखरी टाच त्याला जंगलातल्या चौकीबाहेर फार जाऊ देत नसे. भटकी कुत्री म्हणावीत, तर कुठे एक हाड सापडेना. फासे लावणारे म्हणावेत, तर तारेचा तुकडा नाही. रोग म्हणावा, तर मेलेलं जनावर नको का दिसायला? नव्या रस्त्याच्या गोंगाटावर त्याचा बरेच दिवस संशय होता, पण तो रस्ता पडला पार पलीकडे. पाणवठा तर तुडुंब. मग एवढी हरणं जमिनीने गिळली की काय?

मोठ्या साहेबांनी पत्रात साफ लिहिलं होतं. महिनाअखेरपर्यंत हरणांचा मागमूस लागला नाही, तर चौकी बंद. वनरक्षकाची बदली शहरातल्या कार्यालयात, कागदांवर शिक्के मारायला.

त्याला जायचं नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूरदेशी, फोनवर "बाबा, जेवलात का?" याच्यापुढे गाडी सरकत नसे. आठवड्यातले सहा दिवस त्याला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. सातव्या दिवशी, फेरी संपवून परतताना, वाटेच्या तोंडाशी सिस्टरचं घर लागायचं.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. गेल्या उन्हाळ्यात इथे राहायला आली, तीही एकटीच. पहिल्याच भेटीत तिने त्याचं लंगडणं हेरलं. "काय झालंय टाचेला? आणि शुगर किती?" तेव्हापासून दर शनिवारी तिच्या पायरीवर बसून मलमपट्टी, चहा आणि बोलणं, सगळं व्हायचं. ते अर्ध्या तासाचं बोलणं तो उरलेले सहा दिवस पुरवून पुरवून वापरायचा.

एक गोष्ट मात्र त्याने तिला कधीच सांगितली नव्हती. छातीवर सरकारी बिल्ला, गळ्यात दुर्बीण, आणि हा माणूस करतो काय, तर लेंड्या मोजतो! बाईमाणसासमोर, तेही चहा पिताना, हे बोलायचं कसं? तो आपला नुसतं "गणती" म्हणायचा आणि दुर्बीण पुसायचा.

"काय वनराजे, दिसली का प्रजा?" सिस्टरने पट्टी सोडता सोडता विचारलं.

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही, सिस्टर."

"मग चष्मा बदला, नाहीतर ती दुर्बीण तरी बदला. आहेत हो हरणं, मी सांगते ना."

तो कसनुसं हसला. धीर द्यायला कोणी तरी आहे, एवढंही त्याला पुष्कळ होतं.

"जखम बाकी छान भरत आलीय," ती टाच निरखत म्हणाली. "बरं, चार-पाच हरणं लिहून टाका की. कागदाला काय कळतंय?"

"खोटं लिहायला हात धजत नाही माझा."

"मग बसा जाऊन शहरात!" ती फणकारली. पण पट्टीची गाठ मारताना तिचा हात जरा थांबला. "तुम्ही गेलात की मला बोलायला भिंतीच उरणार," ती हळू आवाजात म्हणाली.

मलाही जायचं नाहीये, तुमच्यामुळेच जायचं नाहीये, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्याने कप उचलला आणि उरलेल्या घोटाबरोबर तेही गिळून टाकलं.

महिन्याचा शेवटचा शनिवारही कोरडाच गेला. सोमवारी जीप आली. एक पेटी, एक गादी, दोन पिशव्या; बावीस वर्षांचं बिऱ्हाड दहा मिनिटांत चढलं. जीप सिस्टरच्या दारापाशी थांबवून तो निरोप घ्यायला उतरला.

तिने त्याच्या हातात पट्ट्यांचं पुडकं ठेवलं. "तिकडे पाय जपा. घाणीत चालू नका. इथे मी होते म्हणून निभावलं."

"खरंय. तुमच्या मलमाला गुण आहे."

"मलमाला काय डोंबलाचा गुण!" ती हसली, पण डोळे भरून आले होते. "शुगरवाल्याची टाच, त्यात बूट फाटका, आणि तुम्ही त्या घाणीतून चालणार. नका जाऊ म्हटलं असतं तर ऐकलं असतंत? म्हणून बोलले नाही कधी. दर शनिवारी पाचला उठून, तुमच्या आधी, झाडू घेऊन जात होते. सुरुवातीला अर्धीच वाट व्हायची. मग हात बसला. अख्खी वाट, दोन्ही कडा, एकेक लेंडी वेचायची. परवाच्या शनिवारी तर दोन बादल्या भरल्या!"