वडिलांचं नाव

फोनमधून बासरी वाजत होती. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून समीक्षानं मोबाइल टेबलावर ठेवला होता आणि सडक अर्जुनीच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात तिची आई कुसुमबाई स्टुलावर बसून बासरीकडे कान लावून होती. हायवेवरून ट्रक गेला की बासरी बुडायची, मग पुन्हा वर यायची. "होल्ड कीजिए" म्हणून गेलेली विमान कंपनीची बाई अकरा मिनिटं झाली तरी परतली नव्हती.

मस्कतहून राजदीपनं आई-बहिणीला आणि कंपनीच्या बाईला एकाच लायनीवर घेतलं होतं. त्याच्याजवळ वीस तारखेचं तिकीट होतं, आजारी बापाला भेटायला यायचं म्हणून काढलेलं. बाप, कवडू मेश्राम, तेवढंही थांबला नाही. पाच तारखेलाच गेला. परवा त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, घरी वंदना आणि गावाला जेवण. जुन्या तिकिटाचे पैसे परत मिळाले तरच राजदीपला उद्याचं विमान धरता येणार होतं. आणि पैसे परत द्यायला कंपनीला मृत्यूचा दाखला हवा होता.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणतात. पण ग्रामसेवकानं दाखला एका दिवसात दिला, वर चहाही पाजला. अडलं ते या गोडबोल्या कंपनीकडे. दर फोनला नवा माणूस. दर वेळी राजदीपनं पहिल्यापासून सांगायचं, माझे वडील वारले. समोरच्यानं म्हणायचं, "हमें बहुत खेद है, सर," आणि त्याच दमात बुकिंग नंबर विचारायचा. दोन दिवसांत त्यानं बाप गेल्याचं सात अनोळखी माणसांना सांगितलं होतं. ज्याच्याजवळ बसून रडावं असं मात्र त्याला तिथं कुणी नव्हतं.

"दाखल्याचा मेल गेला, काकू," दुकानदार ओमेश्वर म्हणाला. "पैसे राहू द्या."

तेवढ्यात बासरी थांबली.

"प्रतीक्षा के लिए धन्यवाद, सर." आवाज पोरसवदा होता, समीक्षाच्याच वयाचा असेल. "सर्टिफिकेट मिल गया. लेकिन इसमें मृतक का नाम कवडू है. आपके पासपोर्ट में पिता का नाम केशोराव है."



"केशोराव कोन?" कुसुमबाईनं विचारलं.

"दादा, हे काय सांगून राहिली?" समीक्षा म्हणाली.

"दहावीच्या फारमावर मीच लिवलो होतो," राजदीपचा आवाज अगदी बारीक आला. "कवडू म्हटलं का पोरं हासत, माय. गुरुजीनं पायलं नाही. मंग तेच नाव समद्या कागदाइले लागत गेलं. पासपोटावर बी तेच आलं."

कुसुमबाई मोबाइलकडे पाहत राहिली. नवरा गेला तेव्हाही आलं नव्हतं एवढं रडू तिला दाटून आलं. पण आता रडून चालणार नव्हतं, पोराची बाजू लढवायची होती. तिनं पदर नीट केला.

"बाई, आयका," ती म्हणाली. "माह्या सासूचे तीन लेकरं गेले. चवथा हा झाला तं तिनं त्याले शेजारणीले एका कवडीत इकला अन् वापस घेतला. मरणाले वाटावं, कवडीचं पोर हाय, कायले न्या याले. म्हून कवडू. त्याच नावानं साठ वर्सं जगला जी तो. हाच बाप हाय माह्या पोराचा. दुसरा कोठून आनू?"



"मैं समझ सकती हूँ, माँजी," पोरगी म्हणाली. तिचा आवाज जरा ओलसर झाला, हेही खरं. "पर सिस्टम नहीं मानेगा. रिकॉर्ड के हिसाब से सर के पिताजी केशोराव हैं. उनकी मृत्यु का कोई प्रमाण नहीं है. रिफंड नहीं हो पाएगा."

"दोन्ही नावाचा मानूस एकच हाय, असं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं तो चलेगा?" समीक्षानं घाईनं विचारलं.

"भेज दीजिए, मॅडम. जाँच में सात से दस वर्किंग डेज लगेंगे."

"काय म्हनते?" कुसुमबाईनं ओमेश्वरला विचारलं.

ओमेश्वर मान खाली घालून बोलला. "पैसे नाही भेटत, काकू. त्याइच्या कागदात भाऊचे बाबूजी अजून जिते हायत."

मग फोनमधून राजदीपचं रडणं ऐकू यायला लागलं. पंचविशीतला गडी, लहान मुलासारखा हुंदके देत होता. "माय, मले येता नाही येत," एवढंच त्यातून कळत होतं. कुसुमबाईनं टेबलावरच्या मोबाइलवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?" पोरीनं विचारलं. विचारावंच लागतं त्यांना.

समीक्षा फोन कापायला पुढे झाली. कुसुमबाईनं तिचं मनगट धरलं आणि ती मोबाइलवर वाकली.

"हो बाई," ती म्हणाली. "तुमच्याकडं तो केशोराव जिता हाय ना, त्याले निरोप द्या. परवा दहा वाजता आमच्या घरी कवडूचं पुण्यानुमोदन हाय. पोराले येता येत नाही. त्यानं तरी यावं."