पुढे जाऊ?

वापर थांबला की प्रीतम ज्यावर काम करायचा ते ब्राउझरमधलं क्लाउड मशीन सगळं पुसून कोरं व्हायचं. त्यामुळे तो रोज सकाळी कामाला बसला की सगळी सॉफ्टवेअर पॅकेजेस नव्याने इन्स्टॉल करायचा. प्रत्येक पॅकेज आधी विचारायचं, ‘पुढे जाऊ?’ प्रीतम न वाचताच ‘हो’ दाबायचा.

आज ते सुरू असतानाच आई दारात येऊन उभी राहिली.

“मौद्याले तुझ्या बहिणीकडे जाऊन राहू म्हणते गा.”

“हो.”

“आता कायमचीच.”

“हो.”

“तुले करमेल ना माझ्याबिगर?”

“हो आई, हो.”

शेवटचं पॅकेज बसलं तसा तो चहासाठी बाहेर आला. आई चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“कुठं चालली वं आई?”

“मौद्याले. मघाशी तुलेच तर इचारलं.”

‘मी ऐकलंच नव्हतं’ हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ते त्या ‘हो’पेक्षाही वाईट होतं.

“जाऊ नको ना वं,” तो कसाबसा म्हणाला.

आई पिशवी उचलून उठली.

“हेच ऐकायले तर दारात उभी होती गा मी.”