प्रवासापुरता लॅपटॉप

“याहून हलका नाही का?” वडिलांनी लॅपटॉप तळहातावर तोलत विचारलं.

“काका, याहून हलकं म्हणजे मग पाटी-पेन्सिलच,” दुकानदारीण बाई म्हणाल्या. “किलोच्या आत आहे. चार्जर वेगळा.”

“मग चार्जरही द्या हातात. तो काय घरी ठेवून जायचाय?”

जुन्या लॅपटॉपच्या त्या चिंचोळ्या दुकानात चिरंजीव भिंतीला टेकून उभे होते. सकाळपासून ढीगभर लॅपटॉप उचलून झाले होते. आईवडील महिनाभरासाठी डोंगरातल्या एका गावी निघाले होते, आणि ऐनवेळी वडिलांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेल्या माणसाला आता प्रवासवर्णन लिहायची हुक्की आली होती.

“बाबा, तो पहिला मोठाच घ्या. अक्षरं मोठी दिसतील. तुमच्या डोळ्यांना बरं.”

“माझे डोळे राहू दे. तू असतास तर कुठला घेतला असतास?”

“मी कुठे जातोय?”

“समज, जातोयस.”

आता प्रश्न इभ्रतीचा होता. कारण चिरंजीवांचा धंदाच प्रवासाचा. फक्त तो घरात बसून चालायचा. एका प्रवास कंपनीसाठी ते गावोगावची वर्णनं लिहीत. ‘पहाटेच्या धुक्यात इथे शब्द थिटे पडतात’ हे वाक्य त्यांना दुपारी बारा वाजता सुचलं होतं, अंगावर पांघरूण असताना. लग्न मोडल्यावर आठ दिवस म्हणून ते माहेरी आले (हा शब्द आईचा), त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

कंपनीच्या बाई अधूनमधून फोन करत. “अहो, एखाद्या तरी गावाला जाऊन लिहा. वाचणारे विचारतात, घाट कुठे आहे आणि तुम्ही समुद्र कुठे दाखवलाय. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

चिरंजीवांचं उत्तर ठरलेलं. “गेलो असतो हो. पण माझा कॉम्प्युटर म्हणजे कपाट. तो उचलून कुठे नेणार?”

मात्र यंदा आईवडिलांनी निवडलेलं गाव त्यांच्याच लेखातलं होतं. त्यामुळे चिरंजीव मनातून फुलले होते. शिवाय महिनाभर घर रिकामं. उठा कुणी म्हणणार नाही, आंघोळ केलीस का कुणी विचारणार नाही.

त्यांनी बाह्या सरसावल्या. एका लॅपटॉपची बिजागरी ढिली निघाली. दुसऱ्याची बॅटरी बोलता बोलता मान टाकत होती. तिसऱ्याच्या दोन कळा दाबल्या की खालीच बसत. शेवटी त्यांनी एक छोटा करडा लॅपटॉप बाजूला काढला. झाकणावर ओरखडे होते, पण पडदा स्वच्छ होता आणि बॅटरी नवी घातलेली होती.

“हा. बाकीचे आजारी आहेत.”

“बसमध्ये उघडेल?” आईने विचारलं. ती निवृत्त नर्स. तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारी नव्हे. तिने चिरंजीवांना खुर्चीत बसवलं, स्वतः पुढे दुसऱ्या खुर्चीत बसली आणि पुढच्या प्रवाशासारखी मागे रेलली. खुर्ची चिरंजीवांच्या गुडघ्यांना टेकली. लॅपटॉप तरीही पुरता उघडला.

“बघ काहीतरी लिहून,” ती मान न वळवता म्हणाली.

चिरंजीवांनी लिहिलं. हात अवघडले नाहीत.

“तुझं कामाचं सगळं चालतं का यावर?” वडिलांनी विचारलं. “तुझं चाललं तर माझं चालायला काय हरकत?”

चिरंजीवांनी कामाचं सगळं त्यावर भरलं, स्वतःच्या खात्यात शिरले आणि अर्धवट राहिलेला लेख उघडून दाखवला. तो पाण्यासारखा सरकत होता.

“घरच्या कपाटापेक्षा बराय की,” ते अनवधानाने म्हणून गेले.

“बांधा हो हाच,” वडील दुकानदारीण बाईंना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव आईवडिलांना पोचवायला बॅग घेऊन बस-स्थानकावर आले. एकच बॅग, पण खांदा उतरवणारी.

“दोघांचं एवढ्यात कसं मावलं?”

“गरजेपुरतंच घेतलंय,” आई म्हणाली. तिने त्यांचा शर्ट खांद्यावर नीट केला आणि हात तिथेच जरा जास्त वेळ राहू दिला. चिरंजीवांनाही थोडं गलबलून आलं. महिनाभर म्हणजे काही कमी नव्हे.

“औषधं वेळेवर घ्या,” ते वडिलांना म्हणाले. “आणि उगीच दगदग करू नका.”

“तूही,” वडील म्हणाले.

बस लागली. ड्रायव्हर वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने खाली उतरून त्यांना नमस्कार केला. चिरंजीवांनी बॅग वरच्या फळीवर चढवली आणि लॅपटॉपची पिशवी जपून खिडकीशेजारच्या जागेवर ठेवली.

“तू बस जरा तिथे, जागा धरून,” वडील म्हणाले. “आम्ही पाण्याची बाटली घेऊन येतो.”

चिरंजीव बसले. आसन मऊ होतं. खिडकीतून ऊन येत होतं. आपण किती दिवसांनी सकाळचं ऊन बघतोय, असा विचार त्यांच्या मनात आला, तेवढ्यात दार लागल्याचा आवाज झाला आणि बस हलली.

“अहो, थांबा, माझे आईवडील खाली राहिले,” चिरंजीव उठत म्हणाले.

“बसून घ्या,” ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. “मध्ये थांबा नाही.”

आई खिडकीबरोबर चार पावलं चालली.

“बॅगेत सगळे तुझेच कपडे आहेत,” ती म्हणाली. “पोचलास की कळव.”