आठ ठोके

दोन हजार सोळा साल, भर दुपार. नवी तबकडी फिरत होती, चौथं गाणं अर्ध्यावर आलं, आणि ठोके आलेच नाहीत.

तिने सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा ऐकलं. गिटार स्वच्छ, ड्रम छातीवर आदळणारे, दिरांचा आवाज तर जणू शेजारच्या खुर्चीतून येणारा. पण गाणं जिथे क्षणभर शांत होतं तिथे काहीच नव्हतं. बेचाळीस वर्षं ती तिथे आपल्या माणसाचे आठ ठोके ऐकत आली होती. टक्, टक्, लाकडी ठोकळ्यावर, मोजून आठ. वेष्टनावर त्याचं नाव नव्हतं. "नाव राहू दे गं, मी आत आहे ना," म्हणायचा तो. आता माणूस गेल्यावर त्याला आतूनही काढलं होतं.

कुणी काढलं ते सांगायला ज्योतिषी नको होता. बँड दिरांचा. चौऱ्याहत्तर सालच्या त्या अल्बमचा आवाज घासूनपुसून कंपनीने तो पुन्हा काढला, तोही प्रत्येक गाणं दिरांना ऐकवून. तिचा नवरा दिवसभर घड्याळं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी धाकट्या भावाच्या बँडला ताल धरायला जायचा. "देवाने ह्याला आवाज दिला, ताल द्यायचा विसरला," असं भावासमोरच म्हणायचा आणि दोघंही हसायचे. पण त्या आठ ठोक्यांचा विषय निघाला की दीर ताटात बघत बसायचे. एकदा त्यांच्या घरी तिने ते गाणं लावायला सांगितलं, तर म्हणे सुई तुटलीय. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

तिने फोन लावला. "भाऊजी, ह्यांना पुसलंत तुम्ही."

पलीकडून दीर म्हणाले, "वहिनी, जुनी आहे ना तुमच्याकडे? तीच ऐकत जा."

"परवा तुमचा सत्कार आहे ना? येते मी. चारचौघांत विचारते."

पुरावा पक्का हवा म्हणून दोन्ही तबकड्या घेऊन ती जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेली. जुनी तबकडी घराबाहेर न्यायची नाही, दुसऱ्याच्या यंत्रावर लावायची नाही, हा नवऱ्याचा नियम. तो तिने पहिल्यांदाच मोडला.

दुकानदाराने तिची जुनी लावली. आठ ठोके आले. नवी लावली. नाहीत. "बघा!" ती म्हणाली. दुकानदार आत गेला आणि त्याच साली निघालेली, तिच्यासारखीच आणखी एक जुनी तबकडी घेऊन आला. तीही लावली.

ठोके नव्हते.

"तुम्हालाही त्यांनीच पढवलंय वाटतं," ती म्हणाली.

"काकू, मी त्यांना फक्त वेष्टनावरच्या फोटोत पाहिलंय. तुमचे ठोके गाण्यातले नाहीत. तबकडीवर ओरखडा आहे. तबकडी एकदा फिरली की एक टक्."

"दिरांनीच मारला असणार!" हे तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच पटलं नाही. बारीक अक्षर वाचायला ती नवऱ्याचं भिंग पर्समध्ये बाळगायची. ते डोळ्याला लावून ती वाकली. चौथ्या गाण्यावर एक रेघ होती. केसाएवढी बारीक, सरळ, बरोबर आठ फेरे कापून थांबलेली. अशी रेघ तिने हजारदा पाहिली होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत नवरा खूण म्हणून अशीच रेघ मारायचा.

मग तिला रेकॉर्डिंगचा दिवस आठवला. नवरा दोन तासांतच घरी आला होता. "एका दमात झालं," म्हणाला होता, आणि न जेवता झोपला होता.

"मग ठोकळा वाजवला कुणी?" तिने विचारलं.

"कुणीच नाही, काकू. ह्या गाण्यात ठोकळा नाहीच."

सत्काराला ती पहिल्या रांगेत बसली. दिरांनी घाबरतच तिच्याकडे पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या आणि जाताना म्हणाली, "रविवारी जेवायला या, भाऊजी." ते आले. पुढेही येत राहिले. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिच्या नवऱ्याला घरी कुणी पाठवलं, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुकान पुढे बंद झालं. दुकानदार आता घरूनच तबकड्या विकतो. नवी तबकडी तिने नातवाला देऊन टाकली. दीर तीन वर्षांनी गेले. कपाट आवरताना जावेने त्यांच्याकडची जुनी तबकडी तिच्या हातात ठेवली. "तुम्ही एकदा लावायला सांगितली होती ना? पुन्हा मागाल म्हणून त्यांनी ही तयार करून ठेवली होती."

घरी येऊन तिने सुई चौथ्या गाण्यावर ठेवली. त्या शांत जागी ठोके आले. अकरा होते, आणि एकही तालात नव्हता.