सुनेच्या गळ्यातला बलभीम

"जीभ बाहेर," डॉक्टर जैनोद्दीन म्हणाले. फडक्यात जीभ धरून त्यांनी दिव्यावर ऊन केलेला बारीक आरसा दगडाबाईच्या घशात घातला. कपाळावरच्या आरशानं खिडकीतलं ऊन आत वळवलं. "आता ई म्हण."

आवाज निघाला तो पुरुषाचा. जाड, फाटका. निजाम सरकारच्या त्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या सासूनं, धुरपदाबाईनं, हात जोडले.

दिवाळीत तिचा लेक, दगडाबाईचा नवरा बलभीम, विहिरीच्या कामावर सुरुंगानं गेला. त्याच्या मढ्यावर दगडाबाईनं टाहो फोडला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून हा आवाज आला. तेव्हापासून सासू तिला बलभीमच म्हणायची. बलभीमचं भूत अंगात आलंय म्हणून सगळं बेंबळी गाव तिला हरवलेल्या म्हशींचा पत्ता विचारायला यायचं. जिवंतपणी बलभीमला कुणी काडीचं विचारलं नव्हतं. दगडाबाई मात्र स्वतःच्याच हाकेनं दचकायची. म्हणून तिनं बोलणंच टाकलं होतं.

डॉक्टरांनी आरसा काढला.

"भूतबित काही नाही, मावशी. गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. हिच्या एका पट्टीत उपजतच गाठ आहे. आक्रोशानं सुजली. असं फार क्वचित दिसतं. हैदराबादला काढतात. हिचा आवाज परत येईल."

दगडाबाईला रडू फुटलं. म्हातारी घाबरली.

"आन् ह्यो आवाज?"

"जाईल."

धुरपदाबाई बाकावरून उठून सुनेजवळ आली.

"सायेब, त्या दिशी त्यो माझ्यावर रुसून गेला. उंबऱ्यातून निस्ता निघून गेला. 'येतो' बी म्हनला न्हाय." तिनं सुनेचं मनगट धरलं. "गाठ काढायच्या आदी तेवढं म्हन, बाई."

दगडाबाईला त्या आवाजाची शिसारी होती. मुद्दाम तो तिनं कधीच काढला नव्हता. तरी तिनं तोंड उघडलं.

"आये," ती म्हणाली, "येतो म्या."

डॉक्टरांची मान आपोआप दाराकडं वळली. धुरपदाबाई आधीपासूनच तिकडं बघत होती.

"ये रं, बाळा."

वाटेनं जाणारं माणूस दिसेनासं होईपर्यंत बघावं, तशी ती रिकाम्या दाराकडं बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले.

"दगडे, ऊठ," ती सुनेला म्हणाली. "हैदराबादची गाडी कवा आसती, इचार सायबास्नी."