पहिलाच टेक

"आई, माझं एका मुलावर प्रेम आहे," असं यज्ञेशच्या सिनेमातला नायक सांगतो. नटी परवडेना, म्हणून मुलुंडच्या घरात त्याने स्वतःच्या आईलाच उभं केलं. नायकही आयत्या वेळी आला नाही, तेव्हा कॅमेऱ्याशेजारून त्याचं वाक्य यज्ञेशनेच म्हटलं.

"जसा आहेस तसा माझाच आहेस रे," आई म्हणाली आणि ग्लिसरीनशिवाय रडली.

"परत एकदा."

सहाव्या वेळी कॅमेरा धरलेला निलेश वैतागला. "यार, पहिलाच टेक झकास होता."

"परत एकदा."

सातव्यानंतर आईने पदराने डोळे पुसले. "पुरे आता. सिनेमात म्हणायला काय जातंय? खरंच असला पोरगा निघाला असता, तर तोंड नसतं बघितलं त्याचं."

यज्ञेश पुन्हा कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आई, शेवटचं एकदा."